सिकलसेलचा रिपोर्ट सांगायचा कसा? नागपूर जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरहून एसटीने निघालं की दोन-अडीच तासांनी या प्राथमिक आरोग्य केंद्राचं गाव लागतं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. केंद्राखाली उपकेंद्रं, प्रत्येक उपकेंद्रात आरोग्य सेविका, बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी, आणि साधारण हजार लोकांमागे एक आशाताई. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत. प्रशिक्षण देणाऱ्या गटात मी होते, त्यामुळे हे लिखाण जवळून पाहिलेल्या गोष्टींवर आधारलेलं आहे.

विदर्भाला सिकलसेल नवा नाही. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक दोष. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. मध्य भारतातली पहिली ठळक नोंद १९५८ ची, शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांची. रुग्णांच्या बाजूने चळवळ उभी राहिली तीही नागपुरात. त्या कामासाठी संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झाला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट.

अभियान आलं तसं प्रशिक्षणही आलं. तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यांना बोलावून सोल्युबिलिटी चाचणी शिकवली गेली: बोटाचं रक्त, नळीतलं द्रावण, थोडं थांबायचं, मग नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आला की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या निदानाच्या चाचण्यांसाठी नमुना पुढे पाठवायचा, कारण समोरची व्यक्ती वाहक (दोषाचा जनुक एकाच पालकाकडून आलेली) आहे की रुग्ण (दोघांकडून आलेली), हे पहिल्या चाचणीत कळत नाही. या केंद्रातल्या मुली आणि बाया ही चाचणी अतिशय नीट करत. शाळेत, अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी नमुने घेतले जात. अहवालात आकडे चांगले होते आणि मासिक सभेत केंद्राचं कौतुकही होत होतं.

अडचण कुठे दिसली

एक तरुणी पहिल्यांदाच गरोदर होती. तिसऱ्या महिन्यात तिची नोंदणी झाली आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘एएस’ म्हणजे वाहक, अशी नोंदही झाली, कारण कॉलेजच्या शिबिरात तिची तपासणी आधीच झाली होती. नवऱ्याची तपासणी झाली आहे का, हे मात्र कोणी विचारलं नाही. सातव्या महिन्यात लसीकरण सत्रावर दुसऱ्या उपकेंद्राची सेविका बदली म्हणून आली होती. तिने तो प्रश्न सहज विचारला. नवऱ्याचं रक्त तपासलं, पुढे पाठवलं. तोही वाहक निघाला.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला आजार होईल, म्हणजे ते एसएस असेल. गर्भातल्या बाळाची तपासणी करता येते, पण ती वेळेवर व्हावी लागते: वारेचा नमुना साधारण १० ते १२ आठवड्यांत, गर्भजल १५-१६ आठवड्यांनंतर. सातव्या महिन्यात या जोडप्यापुढे निवडीसाठी फारसं काही उरलं नव्हतं. तपासणी करून घ्यायची की नाही, पुढे काय ठरवायचं, हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचलाच नाही. बाळाचं पुढे काय निदान झालं ते इथे देत नाही, ओळख पटू नये म्हणून.

त्या मुलीला आम्ही विचारलं, कॉलेजात रिपोर्ट मिळाला तेव्हा काय सांगितलं होतं? ती म्हणाली, “घाबरायचं काई नाही म्हणे. गोळ्या खा, पानी पे. कार्ड देलं, मी पेटीत ठेवलं.”

वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते आणि तिला कुठलंही औषध लागत नाही. म्हणजे जे सांगायचं नव्हतं ते तिला सांगितलं गेलं होतं, आणि जोडीदाराच्या तपासणीची जी एकमेव गोष्ट आयुष्यभर लक्षात राहायला हवी होती ती राहून गेली होती.

याच सुमारास दुसऱ्या गावात एक सोयरीक मोडली. मुलीचं नाव पॉझिटिव्ह यादीत होतं आणि यादी उपकेंद्राच्या भिंतीवर डकवलेली होती, लोकांनी कार्ड न्यायला यावं म्हणून. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की पोरीला सिकल आहे. मुलगी वाहक होती. मुलाची तपासणी झालेली नव्हती आणि ती करावी असं कोणाला सुचलंही नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी यादी त्याच दिवशी काढायला लावली. मग त्यांनी आमच्याकडे ‘समुपदेशनाचं रिफ्रेशर’ मागितलं.

नेमकं काय कमी पडत होतं

प्रशिक्षण ठरवण्याआधी रिपोर्ट कसे दिले जातात ते बसून पाहू द्या, अशी आम्ही विनंती केली. हा या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. पाहिलं नसतं तर त्याच स्लाइड पुन्हा दाखवून परत आलो असतो.

उपकेंद्राच्या ओसरीवर दहा-बारा बाया. सेविका टेबलाशी. नाव पुकारते, कार्ड पुढे करते. “तुमचा एएस आहे. काही होत नाही. लग्नकार्याच्या वेळी बघून घ्यायचं. इथे सही करा.” बाई सही करते, पायऱ्या उतरते. खाली उभी असलेली शेजारीण विचारते, काय निघालं? “सिकल निघाला.” तेवढ्यात पुढचं नाव पुकारलेलं असतं.

ही सेविका कामचुकार नव्हती. दोन वर्षांपूर्वी तापाने फणफणलेल्या एका एसएस मुलाला रात्री गाडी करून मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेणारी हीच. आजारी मूल समोर आलं की काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. धडधाकट माणसाला त्याच्या रक्तातली गोष्ट समजावून सांगायची, आणि तीही त्याने लाजू नये, घाबरू नये, पण विसरूही नये अशी, हे तिला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. तालुक्याच्या प्रशिक्षणात या विषयाला एक स्लाइड होती, तीही दुपारी चहानंतर, हजेरी आणि प्रवासभत्त्याच्या सह्या चालू असताना.

बोलता बोलता आणखी गोष्टी बाहेर आल्या. दोन उपकेंद्रांत वाहक निघालेल्या गरोदर बायांच्या लोहाच्या लाल गोळ्या बंद केल्या होत्या. कुठेतरी ऐकलेलं होतं की सिकलमध्ये लोह देत नाहीत. ते पूर्ण खोटं नाही: एसएस रुग्णाला लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय डॉक्टर लोह देत नाहीत, फॉलिक ॲसिड देतात. वाहक गरोदर बाईला मात्र इतर कोणाहीसारख्या लाल गोळ्या हव्यातच. अर्धी माहिती किती नुकसान करते त्याचा हा नमुना. एका ठिकाणी चार महिन्यांच्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून आईला ‘बाळ चांगलं आहे’ असं सांगून टाकलं होतं. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक असतं, त्यामुळे त्या वयात ही चाचणी भरवशाची नसते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचंही तसंच. आणि जवळजवळ सगळ्यांच्या मनात एक समजूत होती: हा अमुक समाजांचा आजार, बाकीच्यांना विचारायची गरज नाही. सिकलचा जनुक मलेरियाच्या पट्ट्यात टिकला, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. काही समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण विदर्भात तो अनेक जातीजमातींत सापडतो. प्रश्न निवडक घरी विचारला की त्या घरांवर शिक्का बसतो आणि बाकीची घरं तपासणीविना राहतात.

हे एका केंद्राचं दुखणं नव्हे. २०३० पर्यंत जगात सुमारे १ कोटी १० लाख आरोग्य कर्मचारी कमी पडतील असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि ही तूट मुख्यतः आपल्यासारख्या व आपल्याहून गरीब देशांत असेल. म्हणून सगळीकडे भर असतो तो आहे त्या कर्मचाऱ्यांना एकेका दिवसाची प्रशिक्षणं देण्यावर. पण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या शेकडो अभ्यासांचा जो मोठा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने दाखवलं की दवाखान्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना नुसती छापील माहिती देऊन जवळजवळ काहीच बदलत नाही आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या बाबतीत नुसत्या प्रशिक्षणाने थोडंच बदलतं. प्रशिक्षणाला कामाच्या जागी देखरेखीची, एकत्र बसून अडचणी सोडवण्याची जोड मिळाली की फरक वाढतो. ओसरीवर आम्ही पाहिलं ते याच्याशी तंतोतंत जुळत होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मागितलेलाच: एक दिवसाचं रिफ्रेशर. त्यासाठी पैशाचं शीर्ष उपलब्ध होतं, कागदोपत्री सोपं होतं, महिन्याभरात आटोपलं असतं. दुसरा, पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला समुपदेशनासाठी नागपूरला पाठवायचं. तिथे शिकलेली माणसं आहेत हे खरं, पण रोजी बुडवून, भाडं खर्चून, स्वतःला काहीच होत नसताना शहरात कोण जाणार? रोवणीच्या दिवसांत तर कोणीच नाही. हा पर्याय आम्ही लगेच सोडला, फक्त एसएस रुग्ण आणि दोघेही वाहक असलेली जोडपी यांच्यापुरता ठेवला.

तिसरा पर्याय जिल्ह्यातल्या एका अनुभवी डॉक्टरांनी सुचवला: प्रत्येक उपकेंद्रातल्या एकाच व्यक्तीला, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, नीट तयार करा, बाकीच्यांनी फक्त तिच्याकडे पाठवायचं. दर्जा राखायला हे चांगलं. पण हे पद कंत्राटी, बदल्या आणि राजीनामे नेहमीचे. आणि गावातली बाई मनातला प्रश्न विचारते तो आशाताईला, विहिरीवर किंवा चुलीपाशी. तिथे चुकीचं उत्तर मिळालं तर उपकेंद्रातलं बरोबर उत्तर टिकत नाही.

चौथा पर्याय वेळखाऊ होता: सगळ्यांना थोडं थोडं, त्यांच्या नेहमीच्या मासिक सभेत, सराव करून घेत शिकवायचं आणि मग गावात सोबत जायचं. यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची शंका रास्त होती: “सभेत आधीच चोवीस विषय असतात. तासभर कुठून काढू?” बरीच चर्चा झाली. शेवटी तिसरा आणि चौथा एकत्र करायचं ठरलं. पक्का रिपोर्ट सांगण्याची जबाबदारी सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांची. पण मूळ गोष्ट बरोबर सांगता येणं सगळ्यांना यायला हवं. सभेचा पहिला तास सरावाचा, अहवाल त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा होता, कारण सभेच्या शेवटी ठेवलेला विषय एसटीच्या वेळेपुढे टिकत नाही.

याच बैठकीत आणखी एक पेच आला. तपासणीचं उद्दिष्ट चालू होतं. सांगण्याची पद्धत सुधारेपर्यंत तपासणी थांबवायची का? मी थांबवण्याच्या बाजूची होते. अधिकाऱ्यांनी मध्यम मार्ग काढला: तपासणी चालू, पण ओसरीवर रिपोर्टवाटप बंद. रिपोर्ट आला की व्यक्तीला वेळ देऊन बोलवायचं, आतल्या खोलीत बसवायचं, दार लोटायचं. साधी गोष्ट, पण खुर्ची आत हलवल्याने पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. बायका प्रश्न विचारू लागल्या.

काय केलं

सराव तिघींच्या गटात. एक रिपोर्ट सांगणार, दुसरी ऐकणारी बाई होणार, तिसरीने फक्त पाहायचं. तिसरीच्या हातात चिठ्ठी: हिने आधी समोरचीला काय माहीत आहे ते विचारलं का? रिपोर्ट पक्का आहे की पहिल्या चाचणीचा, हे सांगितलं का? वाहक आणि आजारी यांतला फरक स्पष्ट केला का? जोडीदाराच्या तपासणीचं बोलली का? आणि शेवटी, ‘आता घरी जाऊन तुम्ही काय सांगाल?’ असं विचारून तिच्याच तोंडून वदवून घेतलं का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांना जड गेला. शाळेतल्या पाढ्यासारखं वाटतं, बाईला अपमान वाटेल, अशी भीती. पण तोच प्रश्न सगळं उघडं करतो. एका सरावात एक सेविका फार सुरेख बोलली, शांत, न घाईने. ऐकणारी आशा म्हणाली, समजलं ताई. सेविकेने विचारलं, घरी काय सांगशील? आशा म्हणाली, “सांगीन का मले सिकल हाय, पन कमी हाय.” खोलीत सगळ्या गप्प झाल्या. इतकं नीट सांगूनही पोहोचलं होतं ते हे. मग त्याच सेविकेने पुन्हा सुरुवात केली, पुस्तकातली वाक्यं बाजूला ठेवून: “हे पाय, तू बिमार नाईस. आता बी नाई, पुढे बी होनार नाईस. तुह्या रक्तात एक खूण हाय, ते तुह्या लेकराले जाऊ शकते. म्हून तुह्या नवऱ्याचं रक्त तपासाचं.” त्यानंतर हेच सांगणं बहुतेकींनी आपापल्या बोलीत घडवलं. आमच्या छापील पत्रकातली भाषा कोणी वापरली नाही आणि तेच बरं झालं.

आनुवंशिकता समजावायला चार चौकटींचा तक्ता दिलेला असतो. चारातलं एक मूल आजारी, असा त्याचा अर्थ गावात हमखास लावला जातो: पहिलं मूल एसएस झालं, आता पुढची तीन चांगली होतील. या समजुतीवर घरं निर्णय घेतात. इथे एका आशाताईने चिंचोके आणले. फोडलेला चिंचोका एका बाजूने तपकिरी, एका बाजूने पांढरा. वाहक आईचा एक, वाहक बापाचा एक. दोन्ही एकदम टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर एसएस, एकच पांढरा तर वाहक, दोन्ही तपकिरी तर काहीच नाही. पुढच्या गरोदरपणासाठी पुन्हा टाकायचे, आधी काय पडलं त्याचा काही संबंध नाही. जोडीदार वाहक नसेल तर त्याचा चिंचोका अख्खा, दोन्हीकडून तपकिरी. मग कितीही वेळा टाका, दोन पांढरे पडतच नाहीत. एसएस व्यक्तीसाठी भाजून सोललेला, दोन्हीकडून पांढरा. फोडलेला चिंचोका नाण्यासारखा अगदी समसमान पडत नाही, पण ‘दर वेळी नव्याने’ ही गोष्ट हातात धरून कळते, आणि आम्हाला कळवायची होती तीच.

शिकवायला कोणाला बोलवायचं यावरही मतभेद झाले. एसएस मुलाच्या आईला बोलवावं, असं आमचं म्हणणं. ती रडेल, घाबरवेल, चुकीचं काही सांगेल, असा एका डॉक्टरांचा आक्षेप. तोडगा असा निघाला की दुसऱ्या तालुक्यातल्या, स्वतःहून तयार असलेल्या आईला बोलवायचं, आधी तिच्याशी बसून काय सांगायचं ते ठरवायचं आणि तिला इतर प्रशिक्षकांइतकंच मानधन द्यायचं. तिने पोटातली प्लीहा वाढली आहे का हे कसं चाचपायचं ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. ताप आला की उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. उन्हाळ्यात पाण्याची बाटली पोराच्या दप्तरात हवीच. सिकलसेलच्या रुग्णाला दिली जाणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर मनाने बंद करायची नाही. मग एका सेविकेने विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं तेव्हा काय बोललं असतं तर बरं वाटलं असतं? तिचं उत्तर: “दोघायचंही हाय म्हनाचं. माह्या सासूले वाटे का माह्याच खानदानातून आलं.” एसएस मूल म्हणजे जनुक दोन्हीकडून आलेला, हे वाक्य त्या दिवसापासून प्रत्येकीच्या सांगण्यात आलं. बाईवर दोष येऊ नये म्हणून ते लागतंच.

सरावानंतर गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी) किंवा आमच्यापैकी एक जण सेविकेसोबत गृहभेटीला जाई. नियम एकच: घरात तिला दुरुस्त करायचं नाही, जीव धोक्यात येईल अशी चूक असेल तरच बोलायचं. बाकी परतीच्या वाटेवर. नवऱ्यांशी बोलायचं काम आरोग्य सेवकांकडे दिलं, कारण पुरुष संध्याकाळी पारावर भेटतात आणि रक्त द्यायला बायकोच्या सांगण्याने येत नाहीत. व्हॉट्सॲपवर प्रश्नांचा गट केला, त्यात रुग्णाचं नाव-गाव लिहायचं नाही. अधिकारी रात्रीपर्यंत उत्तर देत. रिपोर्ट आशाताईला कळवायचा का, हा प्रश्न शेवटपर्यंत वादाचा राहिला. ती शेजारीण, कधी नात्यातलीही असते. ठरलं ते असं की त्या व्यक्तीने हो म्हटलं तरच.

काय बदललं आणि काय नाही

गरोदर बाईची नोंदणी करताना नवऱ्याची तपासणी विचारणं अंगवळणी पडलं. वाहक बायांच्या लाल गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. भिंतीवरची यादी गेली ती गेलीच. व्हॉट्सॲपवरचे प्रश्न बदलले: सुरुवातीला ‘एएसला कोणती गोळी?’ असे यायचे, नंतर ‘मूल एसएस, आई वाहक, बाप तपासणीत वाहक नाही, घरी काय बोलू?’ असे येऊ लागले. हा प्रश्न विचारणारी सेविका तो नमुना पुन्हा तपासायला पाठवायचं आणि तोवर कोणाशी काहीच बोलायचं नाही, हे आपणहून ठरवूनच बसली होती. माझ्या लेखी प्रशिक्षण इथे दिसलं.

सोयरीक मोडली ती पुन्हा जुळली नाही. पक्के रिपोर्ट यायला लागणारा वेळ कमी झाला नाही, आणि दोन महिने ताटकळलेल्या माणसाला कितीही चांगलं सांगितलं तरी तोवर त्याने अर्धं गाव विचारून झालेलं असतं. एक उत्तम तयार झालेली समुदाय आरोग्य अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आणि मासिक अहवालाचा वरून येणारा नमुना तसाच राहिला: किती तपासले, किती पॉझिटिव्ह, किती कार्डं दिली. समजावून सांगितलं का, जोडीदार तपासला का, याला रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते काम दबावाच्या महिन्यात पहिल्यांदा गळतं. मार्चमध्ये सरावाचा तास दोनदा गेला. सेविकांनी रजिस्टरमध्ये ‘जोडीदार’ असा रकाना हाताने आखून घेतला आहे.

पुन्हा करायचं तर

सुरुवात कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या तपासणीपासून करायला हवी. तिसऱ्या सरावात एका आशाताईने हळूच सांगितलं की तिची स्वतःचीच झालेली नाही, भीती वाटते म्हणून. मग कळलं की अशा बऱ्याच जणी आहेत. नंतर तपासण्या झाल्या, ऐच्छिक, दुसऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत, रिपोर्ट बंद पाकिटात. रिपोर्टची वाट पाहणं काय असतं हे अनुभवल्यावर त्यांचं बोलणं बदललं. कुठल्याही सरावापेक्षा जास्त.

कुटुंबांना आधी किती समजत होतं ते आम्ही मोजलं नाही. थोड्या घरी जाऊन ‘तुमच्या कार्डाचा अर्थ काय?’ एवढंच सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी विचारलं असतं, तर काय बदललं ते ठामपणे मांडता आलं असतं आणि जिल्ह्यापुढे मागणी ठेवताना जोर आला असता. ज्यांना असा उपक्रम करायचा आहे त्यांनी हे काम पहिल्या आठवड्यात करावं.

आमचा सगळा भर गरोदर बायांवर राहिला. तिथपर्यंत यायला उशीर झालेला असतो. खरी जागा आहे लग्नाआधीची: कनिष्ठ महाविद्यालय, आयटीआय, बचत गटाच्या बैठका जिथे मुलांच्या आया बसतात. ‘लग्न करू नका’ असं कोणालाही सांगायचं नाही, ‘दोघांचंही रक्त आधी पाहा’ एवढंच. हे वाक्य सासूच्या पिढीने ऐकलेलं असलं की मुलीला एकटीला ते पेलावं लागत नाही.

आणि हे शिक्षण नोकरीत आल्यावर का सुरू व्हावं? एएनएम आणि जीएनएम या परिचर्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थिनी सामुदायिक अनुभवासाठी अशाच केंद्रांत येतात. त्यांच्यापैकी एक तुकडी सरावाच्या तासाला बसली. महिनाभर सेविकांसोबत घरोघरी फिरली आणि सेविकांना न सुचलेले प्रश्न विचारून गेली. परिचर्या शाळेच्या वेळापत्रकात हा तास कायमचा बसावा आणि मासिक अहवालाच्या नमुन्यात जोडीदाराच्या तपासणीचा रकाना यावा, अशा दोन मागण्या केंद्राने लेखी दिल्या आहेत. परिचर्या शाळेने पुढच्या तुकडीसाठी होकार कळवला आहे. नमुन्याचा निर्णय जिल्ह्याच्या हातात नाही, तो वर गेला आहे. नव्या समुदाय आरोग्य अधिकारी रुजू झाल्या तेव्हा त्यांना तयार करण्याचं काम आम्हाला करावं लागलं नाही, ते ओसरीवरच्या त्या सेविकेने केलं.